घाटात स्कूटरचा दम जातो : मोटर बदलू की बॅटरी?

प्रश्न : माझ्याकडे २५० वॅटची, नंबरप्लेट न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर आहे. चार लेड-ॲसिड बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, २४ ॲम्पियर-अवर. पूर्वी दिवसभर पुरायची, आता दुपारीच बसते. त्यात आता कामासाठी रोज यवतेश्वरचा घाट चढायचा आहे. मेकॅनिक म्हणतो, १००० वॅटची मोटर आणि लिथियम बॅटरी टाकून देतो. टाकू का? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, बॅटरी जरूर बदला, मोटर नको.

पण आधी आहेत त्या बॅटऱ्या तपासून घ्या. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून दोन तास थांबा आणि मल्टिमीटर लावून एकेक मोजा. धडधाकट बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग एखाद्या चढावर फेरी मारून या आणि लगेच पुन्हा मोजा. तीन बॅटऱ्या साडेबाराजवळ आणि एकच ११ वर आली, तर गाडी तिच्यामुळे बसते, कारण चारही एका माळेत जोडलेल्या असतात. बॅटऱ्या जुन्या असतील तर एकटी नवी मात्र जोडू नका, इतरांबरोबर तीही लवकर संपते.

नवी घ्यायची तर १६ सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक घ्या : ५१.२ व्होल्ट, ३० ॲम्पियर-अवर. वजन जुन्यांच्या निम्म्यावर येतं आणि सपाटीला ५० किलोमीटर सहज निघतात. बीएमएस, म्हणजे पॅकची राखण करणारं सर्किट, कंट्रोलरच्या (मोटरला करंट सोडणाऱ्या डब्याच्या) कमाल करंटपेक्षा वरचा हवा. कंट्रोलर २० ॲम्पियरचा असेल तर बीएमएस किमान ३० चा. चार्जर ५८.४ व्होल्टचा, लिथियमसाठीच बनवलेला. जुना चार्जर घरातच ठेवू नका, कुणीतरी घाईत तोच लावतं. गाड्यांना आगी लागल्यानंतर २०२२ मध्ये एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे नियम कडक झाले. त्यानुसार तपासलेला पॅक, पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. एक लक्षात ठेवा, डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या काड्या आता फसवतील. एलएफपीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो आणि मग एकदम पडतो. म्हणून ॲम्पियर-अवर मोजणारा मीटर बसवून घ्या.

आता मोटर. तुम्ही आणि गाडी मिळून १४० किलो धरा. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर ताशी २० च्या वेगाला ५०० वॅटहून जास्त लागतात. म्हणजे तुमची मोटर घाटात रडते ती बॅटरीमुळे नाही, तिची तेवढी ताकदच नाही. मग १००० वॅट का नको? कारण मोटरबरोबर कंट्रोलर, वायरी, मागच्या चाकाचा एक्सल धरणारा चिमटा, सगळं बदलावं लागतं, आणि त्याच घाटातून उतरताना ब्रेक मात्र २५ च्या वेगासाठी केलेला राहतो. मला सर्वांत जास्त काळजी या उताराची वाटते.

शिवाय ताकद २५० वॅटच्या आत, वेग २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, म्हणून तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. मोटर बदलली की ही सवलत गेली, आणि घरी बदललेल्या गाडीला आरटीओ नोंदणी देत नाही. विमा नाही, त्यामुळे कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून.

घाट रोजचा असेल तर नोंदणीची स्कूटर घ्या, ही गावातल्या कामांना ठेवा. घेण्याआधी टेस्ट राइड शोरूमच्या दारात नको. मागे कुणाला तरी बसवून यवतेश्वरपर्यंत चढवा आणि ब्रेक दाबत खाली आणा.