‘देव बघतोय’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?

मुलुंडच्या ताई, गणपतीतल्या जेवणावळी कमी करू म्हटलं की सासूबाई “देव बघतोय” म्हणतात आणि तिथेच बोलणं खुंटतं, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच झालंय.

आमचा गणपती परळला, थोरल्या दिरांच्या १० बाय १२ च्या खोलीत. आम्ही भांडुपहून जायचो. पाच दिवस माणसांची रीघ, आणि मी नि जाऊबाई दोघी नोकरीवाल्या. सासूबाई गेल्यावर मी दीड दिवसाचं सुचवलं. दीर म्हणाले, “बाप्पाची सेवा कमी केलीत तर घराण्याला भोगावं लागेल.” मी फणकाऱ्याने म्हटलं, “कुठल्या शास्त्रात लिहिलंय, दाखवा.” झालं, सहा महिने अबोला. देवाचं नाव घेणाऱ्याशी देवावरून वाद घातला की आपण नास्तिक ठरतो आणि भांड्यांचा ढीग जागच्या जागी राहतो.

गाठ भलतीकडेच सुटली. पुढच्या चतुर्थीला गुरुजी संकल्प सांगत होते, ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’. माझ्या मुलाने मध्येच अर्थ विचारला. “जेवढं कळतं तेवढ्याने, जे मिळालंय त्याने,” गुरुजी घाईत म्हणाले. त्यांना अजून चार घरं होती. दीर मात्र पळी हातात धरून तसेच बसले.

त्याच दुपारी समोरच्या जैन काकू “मिच्छामि दुक्कडम” म्हणायला आल्या. त्यांची संवत्सरी, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस, चतुर्थीच्याच सुमाराला येते. माझं दुष्कृत मिथ्या होवो, एवढाच अर्थ. त्यात ‘पण तुमचंही चुकलं’ला जागाच नाही. मी तेच मराठीत केलं. चहा देताना म्हटलं, “भाऊजी, त्या दिवशी मी फार बोलले.” ‘पण’ जिभेवर आला होता, गिळला. मग विचारलं, “भीती नेमकी कसली वाटते?” म्हणाले, “आई गेली. गणपतीही दीड दिवसावर आला, तर तुम्ही लोक यायचे नाही.” कोप-बिप काही नव्हतंच.

तुमच्या सासूबाईंनाही एकटीने गाठून, चार लोक नसताना, एवढंच विचारा. मात्र देवाच्या नावाखाली कुणाचं औषध अडत असेल किंवा हात उगारला जात असेल, तर हे मऊ बोलणं नको. सरळ बाहेरची मदत घ्या.

आता आमचा गणपती दीड दिवसाचा, आणि पाचव्या दिवशी सगळे परळला जेवायला. भांडी पुरुषांकडे. दिरांना कढईची मागची बाजू अजून दिसत नाही, ते सोडा.