३ आणि ७ वर्षांच्या मुलांबरोबर फिरण्यासाठी रिकामी व्हॅन आतून कशी बांधून घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की मालवाहू व्हॅन घेतली आहे, आत पत्र्याखेरीज काही नाही, मुले ३ आणि ७ वर्षांची आहेत, आणि कामाला हात कुठून घालावा व कशात काटकसर करू नये हे कळत नाही. मी हे काम दोनदा केले आहे. पहिल्या वेळी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केल्यामुळे जवळजवळ निम्मे सुतारकाम उखडावे लागले, त्यामुळे पुढच्या उत्तरात त्या चुकीचा वाटा बराच आहे.

बहुतेक जण कागदावर आधी पलंग काढतात. आम्हीही मागच्या दारापाशी ऐसपैस आडवा पलंग काढला, त्याखाली सामान ठेवायचे ठरवले, पुढे ओटा घेतला आणि उरलेल्या जागेत मुलांना बसवू असे म्हणून मोकळे झालो. पलंग आणि ओटा बांधून झाल्यावर आसने बसवणाऱ्या कारागिराने गाडीखाली वाकून पाहिले, तेव्हा कळले की त्या उरलेल्या जागेच्या बरोबर खाली इंधनाची टाकी आहे आणि आसनाचे बोल्ट जिथून आरपार जायला हवेत तिथे भोक पाडताच येणार नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की आराखडा आसनांपासून काढा. गाडीखाली जाऊन टाकी, एक्झॉस्ट, ब्रेकच्या नळ्या आणि चेसिसचे आडवे दांडे कुठे आहेत ते मोजा, दोन आसनांची जागा पक्की करा, आणि पलंग, ओटा, कपाटे ही सगळी मंडळी त्या दोन आसनांभोवती जागा शोधतील असे धरून चाला.

आसन म्हणजे पट्टा लावलेली प्लायवुडची पेटी नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण अशा पेट्या मी अनेक गाड्यांत पाहिल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक १४ प्रमाणे प्रवासी मोटारीत पट्टा ज्या बिंदूंवर गाडीला जोडलेला असतो, त्यांची चाचणी घेताना खांद्याच्या आणि कमरेच्या भागावर प्रत्येकी सुमारे १३.५ किलोन्यूटन, म्हणजे १३५० किलोंचे वजन टांगल्याइतका ताण दिला जातो. लाकडात फिरवलेला स्क्रू तो ताण सोसणे शक्य नाही, आणि पत्र्याखाली वायसर लावून कसलेला बोल्टही पत्र्यासकट वर येतो. चाचणी झालेली, तीन बिंदूंचा पट्टा असलेली तयार आसने घ्यावीत, ती त्यांच्या उत्पादकाने सांगितलेल्या पायासकट बसवावीत, आणि ते काम प्रमाणपत्र देणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे. संपूर्ण गाडीत पैसे वाचवू नयेत अशी जागा मला विचाराल तर ती हीच आहे. आडव्या, म्हणजे गाडीच्या बाजूकडे तोंड असलेल्या आसनावर मुलांची खुर्ची बसवता येत नाही. चालकाशेजारचे फिरणारे आसन वळवायचे ते गाडी थांबल्यावरच. आणि पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली बालखुर्ची कधीही ठेवायची नाही.

आसन निवडताना धाकट्याच्या खुर्चीत आयसोफिक्स, म्हणजे खुर्ची पट्ट्याऐवजी थेट आसनातल्या कड्यांना अडकवण्याची सोय, आहे का ते आधी बघा. अशा खुर्चीला खालच्या दोन कड्यांशिवाय तिसरा आधार लागतो. तो एक तर वरचा पट्टा असतो किंवा जमिनीवर टेकणारा पाय. हा पाय खाली पोकळी असलेल्या झाकणावर टेकवता येत नाही. आमच्या दुसऱ्या गाडीत मी हौसेने आसनांपुढे जमिनीत बुटांसाठी कप्पा केला होता, आणि खुर्चीचा पाय नेमका त्याच्या झाकणावर येत होता. तो कप्पा भरून बंद करावा लागला. मोठ्या मुलाला पाठ असलेला बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, लागेल, कारण देशोदेशीच्या नियमांनुसार १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत त्याची गरज असते. तेव्हा बूस्टरवर बसलेल्या मुलाचे डोके वरच्या कपाटाला लागत नाही ना, हेही मापून घ्या.

कपाटांचा विषय याला जोडूनच येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडकेत हा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला, तर गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो, म्हणजे ५ किलोंचा पाण्याचा कॅन ७० किलोंच्या जोराने पुढे निघतो, आणि त्याच्या वाटेत मुलांची डोकी असतात. त्यामुळे मुलांच्या मागे आणि वर फक्त कपडे व पांघरुणे, जड वस्तू जमिनीलगत, आणि प्रत्येक दाराला दाबून उघडणारी यांत्रिक कडी, हा नियम आम्ही पाळतो. लोहचुंबकाच्या कड्या घरात शोभतात. इथे त्या पहिल्या वळणावरच हार मानतात.

वजनाकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवले नाही तर शेवटी ते नको तिथे गाठते. अनेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि त्या आकड्यात गाडी, तिच्यातले लाकूड, पाणी, इंधन, सामान व माणसे सगळे काही येते. १८ मिलिमीटरच्या सामान्य प्लायवुडचे वजन चौरस मीटरला १२ किलोंच्या आसपास भरते, ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, आणि शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची एकच बॅटरी ३० किलोंच्या जवळ जाते. कामाला हात लावण्यापूर्वी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन दोन्ही आसांचे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांवरचे, वजन वेगवेगळे लिहून ठेवा, आणि अर्धे काम झाल्यावर पुन्हा जा. मुलांचे वजन दर वर्षी वाढणार आहे, तेव्हा किमान १०० किलोंची मोकळीक ठेवलेली बरी.

आता झोपण्याची व्यवस्था. ज्यांना मुले नाहीत त्यांना टेबल खाली घेऊन त्याचा पलंग करण्याची युक्ती छान वाटते, पण मुलांबरोबर ती नको, असे माझे ठाम मत आहे. धाकटे मूल आसनावरच झोपी गेलेले असते, मोठे चित्र काढत असते, टेबलावर ओले रंग असतात, आणि अशा वेळी पलंग करायचा म्हणजे सगळ्यांना उठवून उभे करायचे. मुलांचे बिछाने कायमचे असावेत, मोठ्यांनी हवे तर स्वतःचा पलंग रोज पसरावा. आम्ही मागे गाडीच्या रुंदीत आडवे बंक, म्हणजे एकावर एक बिछाने, केले आहेत, ६५ सेंटिमीटर रुंद आणि आतून जेवढी मिळाली तेवढी लांब. सात वर्षांच्या मुलाला आज १४० सेंटिमीटर पुरतील, पण चार वर्षांनी पुरणार नाहीत.

बंकच्या बाबतीत काही मापे पाठच करून ठेवावीत. वरचा बिछाना ६ वर्षांखालील मुलासाठी नाही, म्हणजे तुमच्याकडे वर कोण झोपणार हा वाद आपोआप मिटला आहे. युरोपीय मानकानुसार कठडा गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून किमान १६ सेंटिमीटर उंच हवा. हे माप लाकडापासून नव्हे तर गादीपासून घ्यायचे असते, नाहीतर पुढे कधी जाड गादी आणली की कठडा नावालाच उरतो. कठड्याच्या पट्ट्यांमधली फट ६ ते ७.५ सेंटिमीटरच असावी, कारण त्याहून मोठ्या फटीतून मुलाचे धड सरकते आणि डोके अडकते. दोन्ही बाजूंना भिंत असली तरी गादी आणि पत्रा यांच्यामध्ये मूल घसरेल अशी जागा राहू देऊ नका. गादीखाली सलग फळी न टाकता पट्ट्या टाका. चार माणसांच्या श्वासातली वाफ रात्री थंड पत्र्यावर जमते, सकाळी पत्र्याला घाम फुटलेला असतो, आणि सलग फळीवरची गादी महिन्याभरात खालून काळी पडते.

मागचे दार आतून उघडते का, हे बंक बांधण्यापूर्वी तपासा. मालवाहू व्हॅनच्या मागच्या दारांना पुष्कळदा आतल्या बाजूने मूठच नसते, कारण तिथे माणूस असणार हे गृहीतच धरलेले नसते. मुले मागे झोपणार, शेगडी मध्ये असणार आणि मोठे पुढे असणार, तर आग लागल्यास मुलांच्या आणि सरकत्या दाराच्या मध्ये आगच उभी राहते. आम्ही आतून मूठ बसवून घेतली, मोठ्या मुलीला ती अंधारात चाचपून उघडायला शिकवली, आणि गाडी चालू असताना ती चुकून दाबली जाऊ नये म्हणून तिच्यावर झाकण केले. एक अग्निशामक सरकत्या दारापाशी, बाहेरून हात घालून काढता येईल असा, आणि दुसरा बंकजवळ ठेवावा. सरकत्या दाराचे बाललॉक लावायचे ते प्रवासात. मुक्कामाला पोहोचल्यावर ते काढायचे लक्षात ठेवा.

शेगडीविषयी माझे मत थोडे टोकाचे वाटेल. लहान मुले असताना मी गॅस आत घेतलाच नाही. घ्यायचाच असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो हे ध्यानात ठेवून सिलिंडरची पेटी गाडीच्या आतल्या भागापासून हवाबंद करावी, तिच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक ठेवावे, आणि गळती ओळखणारा अलार्म जमिनीजवळ लावावा. आम्ही विजेवरची इंडक्शन शेगडी वापरतो. ती २००० वॅटवर दहा मिनिटे चालली तर साधारण ३३० वॅट-तास खर्च होतात, आणि १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत १२८० वॅट-तास मावतात, म्हणजे मोजून वापरल्यास हे जमते. मात्र शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, तेव्हा थंडीत फिरणार असाल तर ती गाडीच्या आतच ठेवा. शेगडी कोणतीही असो, ती सरकत्या दाराच्या वाटेवर नको, कारण मुले त्या दारातून चालत येत नाहीत, धावत येतात. उरलेल्या वायरिंगबद्दल एकच सांगतो: मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा, आणि मोबाइल चार्ज करण्याची जागा धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशी हवी.

डिझेल हीटर बसवणार असाल तर त्याचा धूर सरकत्या दारापासून आणि खिडक्यांपासून दूर निघाला पाहिजे, आणि गरम हवेचे तोंड मुलांच्या बिछान्याकडे रोखलेले नसावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जाणवत नाही. त्याचा अलार्म झोपेत डोके जिथे असते त्या उंचीवर, बंकजवळ लावा आणि दर प्रवासाआधी त्याचे बटण दाबून पाहा. छतातला १२ व्होल्टचा पंखा ही आमच्या गाडीतली सर्वांत कमी किमतीत सर्वांत जास्त सुख देणारी वस्तू आहे, कारण गरम हवा वरच्या बंकपाशी साचते आणि तिथे झोपलेले मूल ते बोलून दाखवत नाही, नुसते कुशी बदलत राहते. पंखा असला तरी उभ्या गाडीत मुलांना एकटे सोडायचे नाही. बाहेर हवा सुखद असतानाही उन्हातल्या बंद गाडीचे तापमान तासाभरात वीसेक अंशांनी चढते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते.

पाणी आणि टॉयलेट यांवर फार खल करू नका. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, म्हणजे मोठी टाकी केव्हा धुतली होती याची चिंता राहत नाही. टॉयलेट मात्र आत हवेच, निदान ओढून बाहेर काढता येणारे छोटे पोर्टेबल तरी, कारण तीन वर्षांचे मूल रात्री दोन वाजता जागे झाले की तुमच्याकडे साधारण एका मिनिटाची मुदत असते. तिथे पायापाशी मंद लाल दिवा लावा. पांढऱ्या दिव्याने सगळे घर जागे होते.

राहिली पावसाळी संध्याकाळ, जिच्यावर मी आता प्रत्येक आराखडा पारखतो. बाहेर पाऊस आहे, धाकटा आठ वाजता झोपला आहे, मोठीला वाचायचे आहे, आणि तुम्हा दोघांना जेवून उद्याचा रस्ता ठरवायचा आहे. अशा वेळी बंकपुढे प्रकाश अडवणारा जाड पडदा आहे का, मोठीच्या उशाशी तिच्यापुरता दिवा आहे का, ओल्या कपड्यांना आणि चिखलाच्या बुटांना दारापाशीच जागा आहे का, आणि धाकट्याच्या बिछान्याखालचा खण उघडल्याशिवाय ताटे निघतात का, एवढे पाहा. आमच्या पहिल्या गाडीत ताटे नेमकी त्या खणात होती.

हे सगळे कागदावर कळत नाही. लाकूड आणण्यापूर्वी रिकाम्या गाडीत जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आसने, बंक आणि ओटा आखा, त्या जागी पुठ्ठ्याची खोकी रचा, गाद्या टाका, आणि चौघेही सलग दोन रात्री तिथेच झोपा. मुले खोकी पाडतील. जिथे पाडतील तिथे वाट ठेवा.