मोबाईल काढून घेतला, आता तरी तो सुरक्षित आहे ना?

आईबाबा दोघेही आले होते. चौदा वर्षांचा मुलगा बाहेर बाकावर बसून होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाबांनी खिशातून त्याचा मोबाईल काढून माझ्या टेबलावर ठेवला. "आठ दिवस झाले, माझ्याच ताब्यात आहे. आता तरी तो सुरक्षित आहे ना, मॅडम?"

मुलगा धड जेवत नव्हता, रात्री दचकून उठत होता. त्यात आईच्या पर्समधले पैसे दोनदा गेले. घरच्यांनी निदान केलं: गेमचं वेड. मग मोबाईल जप्त.

मी त्याला एकट्याला आत बोलावलं. बराच वेळ तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "तो मोबाईल चार्ज आहे का?"

का विचारतोस, म्हटल्यावर बांध फुटला. गेमच्या चॅटमध्ये एका 'मुली'शी ओळख झाली होती. दोन दिवसांत तिने त्याला दुसऱ्या ॲपवर बोलावलं, आधी स्वतःचा म्हणून एक नग्न फोटो पाठवला आणि मग त्याचा तसाच मागितला. त्याने पाठवला आणि काही मिनिटांतच भाषा बदलली. त्याच्या मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या यादीचा स्क्रीनशॉट आला, 'पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो'. पर्समधल्या पैशांतून त्याने गिफ्ट कार्डचे कोड घेऊन दिले. मागणी वाढली. आणि आता आठ दिवस त्याला उत्तरही देता येत नव्हतं. घरच्यांच्या मते ज्या आठवड्यात तो सुरक्षित होता, तो त्याचा सगळ्यात वाईट आठवडा होता.

मुलींचीच काळजी करणाऱ्या पालकांना पटत नाही, पण पैशांसाठी होणाऱ्या या प्रकारात किशोरवयीन मुलगेच जास्त सापडतात.

"घरी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मोबाईल गेला असता."

मुलांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पालकांना दिलेला माझाच जुना सल्ला मला बदलावा लागला. पूर्वी मी सांगायचे, पासवर्ड घ्या, रोज तपासा. आठ वर्षांच्या मुलासाठी ते आजही सांगते: अनोळखी लोकांशी चॅट बंद ठेवा, खातं खासगी करा, वेळेला कुलूप लावा. चौदाव्या वर्षी मात्र चोरून तपासणाऱ्या आईबाबांना मूल दुसरं खातं काढून उत्तर देतं. तेरा पूर्ण झाली की अकाउंटला हरकत नाही, असंही बरेच जण धरून चालतात. तो आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आला. लहान मुलांची माहिती कंपन्यांनी कशी गोळा करावी, याबद्दलचा तो कायदा आहे. तुमच्या मुलाला समज किती आली, याच्याशी त्याचा संबंध नाही.

त्याच्या जिवाचा प्रश्न असल्याने हे आईबाबांना कळायलाच हवं, एवढं मी त्याला स्पष्ट सांगितलं. कोणी सांगायचं ते त्याने ठरवलं: "तुम्ही सांगा, मी बसतो." बाबा ऐकता ऐकता "पण तू असले फोटो..." म्हणाले तेवढ्यात आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मला काही बोलावंच लागलं नाही.

मग कामाला लागलो. यापुढे एक पैसाही द्यायचा नाही, कारण पैसे मिळाले की मागणारा परत येतो. चॅट पुसायचं नाही. धमक्यांचे आणि त्या खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट ठेवायचे, पण फोटोची प्रत काढायची नाही की कुणाला पाठवायची नाही, कारण तो अल्पवयीन मुलाचा फोटो आहे. त्यानंतर ॲपवर तक्रार, ब्लॉक आणि पोलिसांत तक्रार. 'टेक इट डाऊन' ही २०२३ मध्ये सुरू झालेली मोफत सेवाही वापरली. तिथे फोटो अपलोड होत नाही. मोबाईलवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो ओळखून काढतात. एनक्रिप्टेड चॅटवर, म्हणजे जिथला मजकूर फक्त पाठवणारा आणि घेणाराच बघू शकतो तिथे, मात्र तिचा इलाज चालत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. खोटा दिलासा या मुलांना लगेच कळतो.

बाबांना एकच गृहपाठ दिला. मूल काही सांगायला आलं, तर त्या दिवशी मोबाईल काढून घ्यायचा नाही. जे काही नियम करायचे, ते दुसऱ्या दिवशी, तिघांनी बसून. त्यांना ते फारसं रुचलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी बाबा एकटेच आले. म्हणाले, "काल कुठल्याशा अनोळखी खात्यावरून त्याला मेसेज आला. स्वतःहून घेऊन आला, 'बाबा, हे बघ ना' म्हणत."

"मग?"

"हात पुढे गेला होता माझा, मोबाईल हिसकावायला." ते ओशाळून हसले. "मग तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला."