गेम चालू केला की स्क्रीन काळी, पंखे सुसाट: ग्राफिक्स कार्ड गेलं का?

प्रश्न थोडक्यात असा. स्वतः जोडलेला कॉम्प्युटर, दोन एट-पिनवालं (आठ पिनांचे दोन वीजप्लग लागणारं) ३२० वॅटचं कार्ड, ७५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा). ब्राउझर, व्हिडिओ दिवसभर ठीक चालतात. गेम चालू केला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे पूर्ण वेगात, आवाज मात्र काही सेकंद चालूच. ड्रायव्हर दोनदा साफ करून टाकला. जाणकार मित्र म्हणतो, "वॅट भरपूर आहेत, म्हणजे कार्डच गेलं." नवीन घ्यावं का?

नका घेऊ. निदान आज तरी नका.

आवाज चालू राहतो याचा अर्थ प्रोसेसर, रॅम आणि विंडोज जिवंत आहेत. फक्त कार्ड गळालंय. कार्डावरचा ताबा सुटला की पंखे स्वतःहून शंभर टक्क्यांवर जातात. ड्रायव्हर कोसळतो तेव्हा चित्र वेगळं असतं. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हरला हलवून उठवतं, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि डेस्कटॉप परत येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ नंबरची नोंद पडते. तुमच्याकडे काहीच परत येत नाही, रीसेटचं बटण दाबावं लागतं. त्यानंतर तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. ती बघून "बघा, पॉवरचाच प्रॉब्लेम" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. तुम्ही स्वतः रीसेट दाबलात तरी तीच नोंद पडते.

ड्रायव्हर तिसऱ्यांदा टाकू नका. दोन्ही वेळा नेट काढून, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून टाकला असेल तर तो विषय संपला. नेट चालू ठेवून केलं असेल तर एकदा रीतसर करा, कारण जुना ड्रायव्हर निघाल्या निघाल्या विंडोज अपडेट मागच्या दाराने आपला एखादा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

आता तुमच्या मित्राचं वाक्य. "वॅट भरपूर आहेत" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहायला बसलो ते त्यासाठीच. डब्यावरचा आकडा एसएमपीएसच्या तोंडाशी किती मिळू शकतं ते सांगतो. कार्डाच्या तोंडाशी काय पोचतं ते वायर आणि पिना ठरवतात, आणि त्यांच्यावर कोणी आकडा छापत नाही.

हुबेहूब हीच लक्षणं असलेलं एक मशीन माझ्या टेबलावर आलं होतं. तेही ३२० वॅटचं कार्ड, तोही ७५० वॅटचा एसएमपीएस, आणि कार्ड बदलायचं आधीच ठरलेलं. कॅबिनेट उघडलं तर एसएमपीएसमधून कार्डाकडे एकच केबल, तिच्या शेवटी एकामागे एक दोन प्लग आणि दोन्ही कार्डात खोचलेले. बहुतेक एसएमपीएससोबत अशी जोडप्लगची केबल येते. दिसायला सुटसुटीत, वायरींचा पसारा कमी, म्हणून लोक तीच लावतात.

जीपीयू-झेड (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून सेन्सर्सच्या पानावर गेलो. या कार्डावर स्लॉटचं (मदरबोर्डच्या ज्या खाचेत कार्ड बसतं तिचं) व्होल्टेज आणि एट-पिनचं व्होल्टेज वेगवेगळं दिसत होतं. काही काम नसताना दोन्हीकडे १२.१. लोड दिल्यावर स्लॉट १२.० वर थांबला आणि एट-पिन ११.३ वर घसरला. निकाल या दोन आकड्यांतच आहे. त्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टची रेल (वीज बाहेर देणारी लाइन) एकच होती, म्हणजे स्लॉट आणि एट-पिन दोघांना वीज एकाच ठिकाणाहून मिळत होती. एसएमपीएस दमला असता तर दोन्ही आकडे जोडीने पडले असते. एकच पडतोय, म्हणजे व्होल्ट वाटेत हरवतायत. (एटीएक्सचा, म्हणजे एसएमपीएसच्या मानकाचा, रूढ नियम १२ व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६.)

हिशोब करून बघा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. कार्डं साधारण ६०च्या आसपास घेतात. उरले २६०. भागिले १२, म्हणजे जवळपास २२ अँपिअर. त्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या वायरी तीन, म्हणजे प्रत्येकीवर सात अँपिअरहून थोडे जास्त. दोन स्वतंत्र केबल लावल्या तर वायरी सहा आणि प्रत्येकीवर साडेतीनच्या आसपास. सातही तशा झेपतात, पण तिन्ही पिना घट्ट बसलेल्या असतील तर.

तिथे त्या बसलेल्या नव्हत्या. एसएमपीएसच्या बाजूचा प्लग काढून टॉर्च मारला. तीनपैकी एक पिन घरातून दीड-दोन मिलिमीटर मागे सरकलेली. प्लग खोचताना ती नुसती टेकत असणार, पकडत नसणार. तिचा भार उरलेल्या दोघींवर, म्हणजे प्रत्येकीवर अकरा अँपिअर. त्या दोन भोकांभोवतीचं काळं प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित फुगलेलं, आणि नाक जवळ नेल्यावर जळकट वास. ०.७ व्होल्ट गुणिले २२ अँपिअर म्हणजे पंधरा वॅटची उष्णता, आणि तीही बरीचशी त्या टिचभर जागेत. सोल्डरिंगचं लहान आयर्न एवढ्याच वॅटचं असतं. पाच-दहा मिनिटं का लागतात तेही यातच आलं. पिन तापते, तापली की तिचा रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते, आणि कार्डाची सहनशक्ती संपली की स्क्रीन काळी.

त्याच एसएमपीएसच्या खोक्यातून आलेल्या दोन सुट्या केबल लावल्या, एसएमपीएसवरचं जळकं सॉकेट सोडून. लोडवर एट-पिन ११.९. कार्ड तेच, एसएमपीएस तोच, वॅट तेवढेच, आणि काळी स्क्रीन बंद. एवढं होऊनही "म्हणजे वॅट पुरेसेच होते ना, मी काय वेगळं म्हणत होतो?" हे ऐकावं लागलंच. हो बाबा, पुरेसेच होते. वॅट मोजून निदान होत नाही, एवढंच तर सांगतोय.

आता तुम्ही काय करायचं. केबल जोडप्लगची आहे का ते आधी बघा. असेल तर मोजमाप करण्याआधीच दोन सुट्या लावा. पण फक्त त्याच एसएमपीएससोबत आलेल्या. घरात पडलेली दुसऱ्या एसएमपीएसची केबल "बसतेय की" म्हणून लावू नका. कार्डाच्या बाजूची पिनांची रचना ठरलेली आहे, एसएमपीएसच्या बाजूची नाही. ती कंपनीगणिक बदलते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलू शकते. प्लग बसतो आणि १२ व्होल्ट भलत्याच वायरीत जातात. प्रोसेसरचा एट-पिन आणि कार्डाचा एट-पिन यांचीही गल्लत करू नका. कार्डाच्या प्लगमध्ये क्लिपच्या बाजूला ग्राउंड आणि समोरच्या बाजूला १२ व्होल्ट असतात, प्रोसेसरच्या प्लगमध्ये बरोबर उलट. जोर लावून खोचावा लागत असेल तर तिथेच थांबा.

मग जीपीयू-झेडमध्ये 'लॉग टू फाइल'वर टिचकी मारून गेम चालू करा. स्क्रीन काळी झाली की रीसेट करा आणि फाइलची शेवटची ओळ वाचा. एट-पिनचं व्होल्टेज, बोर्ड पॉवर, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरीचं तापमान, एवढे चार रकाने पुरेत. हॉटस्पॉट आणि साधं जीपीयू तापमान यांत १५-२० अंशांचा फरक चालतो. तीसच्या वर गेला तर चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळलीय किंवा कूलर तिरका बसलाय. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना टेकत असेल तर थर्मल पॅड (मेमरीची उष्णता कूलरला देणारा मऊ तुकडा) बदला, पण जाडी मोजूनच. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड घातला तर कूलर चिपवर टेकतच नाही, आणि होती त्याहून वाईट गत होते.

फुकटातली दुसरी चाचणी म्हणजे आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पॉवर लिमिट ७० टक्के. त्यावर तासभर गेम टिकला तर कार्ड फेकण्याची वेळ आलेली नाही. तिसरी, कॅबिनेट आडवं झोपवून चालवा. आडवं केल्यावर टिकत असेल तर जड कार्ड स्लॉटमध्ये खाली झुकतंय. मागचे दोन्ही स्क्रू आवळा आणि पुढच्या टोकाला आधार द्या. कार्ड काढलंच आहे तर सोनेरी पट्टी आयसोप्रोपाइलने पुसून घ्या, आणि बसवताना स्लॉटच्या खटक्याचा आवाज ऐका. कार्ड उभं दाखवण्यासाठी रायझर केबल लावली असेल तर ती आधी काढा. जेन ३ची रायझर आणि जेन ४चं कार्ड (जेन म्हणजे स्लॉटच्या वेगाची पिढी) ही जोडी असल्या काळ्या स्क्रीनसाठी प्रसिद्ध आहे. काढायची नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन ३ करा. गेममध्ये फरक जाणवणारही नाही.

रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधली सेटिंग) एकदा बंद करून बघा. रॅमचे झटके कार्डाच्या नावावर खपतात, आणि ही चाचणी दोन मिनिटांची आहे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच संध्याकाळी केबल, ड्रायव्हर, बायोस सगळं बदललं आणि मशीन सुधारलं, तर ते कशामुळे सुधारलं हे कोणी सांगू शकणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डिस्प्लेच येत नाही अशी तक्रार असलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डात नाही, कार्डात लावा. मदरबोर्डवरचा 'व्हीजीए'चा (कार्डात अडचण असल्याचं सांगणारा) लहान दिवा बघा. खूप जुनं कार्ड असेल आणि बायोसमध्ये सीएसएम (जुन्या हार्डवेअरला चालवून घेणारी सेटिंग) बंद असेल तर कार्ड चांगलं असूनही चित्र येत नाही. पंखे थांबलेले दिसले म्हणून घाबरू नका, आजची बरीच कार्डं थंड असताना पंखे फिरवतच नाहीत. बायोसच्या स्क्रीनवरच ठिपके किंवा रंगीत पट्टे दिसत असतील तर मात्र ड्रायव्हरचा संबंध संपला. बहुतेक वेळा मेमरी चिप किंवा तिचं सोल्डर गेलेलं असतं. अशा वेळी कोणीतरी कार्ड ओव्हनमध्ये भाजायला सांगतंच. शिसेविरहित सोल्डर वितळतं २१७ अंशांच्या पुढे, आणि लोक भाजतात २००च्या आतबाहेर. वितळत काहीच नाही. ताणाने तुटलेला जोड काही दिवस टेकतो, कपॅसिटर मात्र शिजतात.

दोन गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. ७० टक्क्यांची चाचणी पास झाली म्हणजे केबलच दोषी, असं सिद्ध होत नाही. पॉवर कमी केली की क्लॉकही (चिपचा वेग) उतरतो, त्यामुळे म्हातारी झालेली चिपसुद्धा त्यावर तग धरते. म्हणून व्होल्टेजचे आकडे लागतात, आणि ते सगळी कार्डं दाखवत नाहीत. तुमचं दाखवत नसेल तर लोडवर असताना प्लगच्या मागून मल्टिमीटरने मोजता येतं, पण हात स्थिर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एक घसरलेली टोचणी पुरते. दुसरं असं की लोडवर अख्खं मशीनच धाडकन बंद पडत असेल, आणि एसएमपीएसचं मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नसेल, तर ते प्रकरण वेगळं. कार्ड क्षणभर दुपटीच्या आसपास वीज ओढतं आणि एसएमपीएसचं संरक्षण उडतं. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मध्ये १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अट याचसाठी घातली. तिथे एसएमपीएस बदलणं योग्य, आणि तिथेही वॅटपेक्षा हीच ओळ वाचून घ्या.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये, दुसऱ्या एसएमपीएसवर चालवा. तिथेही पाच-दहा मिनिटांत काळी स्क्रीन आली तर मित्र बरोबर होता म्हणायचं. पण त्या मशीनलाही जोडप्लगची केबल नाही ना, एवढं बघून मगच.

आणि प्लग तपकिरी निघाला तर घासूनपुसून परत वापरू नका. कार्डाच्या बाजूच्या सॉकेटमध्येही टॉर्च मारा. तिथली पिन काळवंडलेली असेल तर नुसती केबल बदलून भागत नाही, नवी केबलही महिन्या-दोन महिन्यांत तशीच जळते. सॉकेट काढून नवं बसवावं लागतं. त्याखालचा तांब्याचा थर जाड असल्याने साध्या आयर्नने सोल्डर सुटत नाही; बोर्ड खालून तापवून काम करणारा माणूस गाठा.