अस्सल ब्राँझ कोणतं?

प्रश्न : फ्रेंच शिल्पकार रोदँचा ‘द थिंकर’ हा ब्राँझचा पुतळा अनेक संग्रहालयांत आहे. मग अस्सल एकच आणि बाकीच्या नकला का?

उत्तर : नाही. दगडी शिल्प कोरीव असतं, म्हणून ते एकच. ब्राँझ ओतीव. शिल्पकार आधी मातीत घडवतो, त्यावरून साचा काढतात, साच्यात मेणाची पोकळ प्रत. ही मेणाची प्रत हातात घ्यायला मला फार आवडते: मातीवर उमटलेला अंगठा तिच्यावर जसाच्या तसा दिसतो, साच्याच्या जोडाची रेघ तेवढी खरवडायची. मग बाहेरून लेप, भट्टी, मेण वितळून बाहेर आणि त्या जागी धातूचा रस. मेण दर वेळी नवं, म्हणून प्रती कितीही निघतील.

फ्रान्समध्ये अशा 12 प्रती मूळ मानतात. रोदँ 1917 मध्ये वारला, पण हक्क त्याने आधीच सरकारला दिले होते. त्यामुळे मृत्यूनंतरच्या अधिकृत प्रतीही अस्सलच. (बाजाराला जुन्या प्रती जास्त आवडतात, तो भाग वेगळा.)

नक्कल म्हणजे तयार ब्राँझवरूनच साचा काढून ओतलेली. धातू निवताना आकसतो. म्हणून ती मूळ प्रतीहून किंचित लहान भरते आणि बारकावे बोथट होतात.