गारपीट पूर्वीही व्हायची, मग हवामान बदलाचं नाव कशाला?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे आजोबा म्हणतात की गारा, पूर, दुष्काळ त्यांच्याही काळात होते, तर आता प्रत्येक वेळी हवामान बदलाचं नाव का घेतात? आणि ते खरं असेल तर दिंडोरीतल्या दोन एकर द्राक्षबागेवर पाऊस-गारा अडवायला प्लास्टिकचं आच्छादन टाकावं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो. निफाड तालुक्यात तीस वर्षं बाग करतोय, त्यातलं आणि वाचनातलं मिळून सांगतो.

आजोबांचं बरोबर आहे. १९६९ चा गोदावरीचा महापूर आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आपण काय शिकवणार? पण "होत होतं" आणि "इतकं, या वेळी, असं होत होतं" यात फरक आहे. सगळा वाद त्या फरकाचा आहे.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. आमची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे पन्नासेक दिवस झालेले. फुलोरा संपून मणी बाजरीएवढे. दुपारनंतर निफाडच्या बाजूने आभाळ हिरवट काळं झालं. आधी वारा आला, मग पत्र्यावर खडे फेकल्यासारखा आवाज. दहा मिनिटंही नसेल. बाहेर आलो तर ओळींमध्ये पांढरा थर, त्यावर हिरवी पानं फाटून पडलेली. एक घड हातात घेतला. एका बाजूचे मणी जागेवर होते, दुसऱ्या बाजूला नुसते देठ, आणि काडीवर जिथे गार लागली तिथे साल निघून आतलं ओलं लाकूड दिसत होतं. घडाचं नुकसान त्या वर्षापुरतं असतं. काडीची जखम पुढच्या हंगामालाही भोवते.

ती गारपीट हवामान बदलामुळे झाली का? मी हो म्हणणार नाही, आणि जो छातीठोकपणे हो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी वादळी प्रणाली, वरच्या थरात थंड, कोरडी हवा आणतो आणि खालून समुद्राकडचं बाष्प येतं, तेव्हा आपल्याकडे गार तयार होते. तापमान वाढलं की खालचं बाष्प वाढतं, ढग उंच चढतो, म्हणजे गारेला बळ मिळतं. पण त्याच वेळी हवेतली गोठणरेषा (ज्या उंचीवर पाणी गोठतं ती पातळी) वर सरकते आणि बारीक गार खाली येईपर्यंत वितळते. दोन गोष्टी उलट दिशांना ओढतात. त्यातून गारपिटी कमी होतील पण गारा मोठ्या असतील असा अंदाज काही शास्त्रज्ञ मांडतात. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ठाम निष्कर्ष काढण्याएवढ्या जुन्या, सलग नोंदीच आपल्याकडे नाहीत, कारण गार शेतात पडते आणि पर्जन्यमापक दूर कुठेतरी असतो.

पावसाचं तसं नाही. तिथे पाया पक्का आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने पृथ्वी एक अंशाहून जास्त तापली आहे आणि आपला अरबी समुद्रही तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणारा अतिमुसळधार पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढला. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. विशेष म्हणजे याच काळात मोसमी वाऱ्यांचा जोर कमी होत होता. पाऊस वाढला असं नाही, तो एकवटला.

हे नाशिककराला सांगायचं तर गंगापूर धरणाचं उदाहरण पुरे. धरण निम्मं असताना त्र्यंबकच्या बाजूला रात्रभर धो धो पडला तर पाणी धरणात मावतं, नदीला पत्ताही लागत नाही. धरण काठोकाठ असताना तेवढाच पाऊस पडला की विसर्ग सोडावा लागतो, होळकर पुलाखाली पाणी चढतं आणि लोक गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बघायला निघतात, कारण पुराची उंची त्या मूर्तीवरून मोजतात. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. पाऊस तोच, पण आधीची पातळी वेगळी. तापलेली हवा ही ती आधीची पातळी आहे. झंझावात, कमी दाबाचे पट्टे पूर्वीही यायचे, आता ते भरलेल्या धरणावर येतात.

आता याच उदाहरणावरून कोणी २००८, २०१६ आणि २०१९ चे गोदावरीचे पूर मोजून "बघा, हवामान बदल" म्हणेल. तेही घाईचं होईल. पूररेषेत बांधकामं झाली, नाले बुजवले, जिथे पाणी मुरायचं तिथे काँक्रीट आलं. ही चूक माणसांनी इथेच केली आहे. तिचं खापर जगाच्या तापमानावर फोडून कोणालाही मोकळं सोडू नये. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

मग एखाद्या घटनेचा संबंध लावतात कसा? शास्त्रज्ञ संगणकावर दोन जगं उभी करतात. एक आजचं, दुसरं माणसाने धूर सोडलाच नसता तर असतं तसं. तीच घटना दोन्हीकडे किती वेळा घडते ते मोजतात. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वात उष्ण मार्च ठरला. त्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट हवामान बदलामुळे सुमारे ३० पट जास्त संभाव्य झाली, असं या पद्धतीने निघालं. पण २०१५ च्या चेन्नईच्या पुरावर हीच पद्धत लावली तेव्हा तसा ठळक संबंध सापडला नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट छापलं. मला या शास्त्रावर विश्वास वाटतो तो या दुसऱ्या उत्तरामुळे.

थोडक्यात, उष्णतेच्या लाटेबद्दल खात्री सर्वात जास्त, मुसळधार पावसाबद्दल बरीच, गारेबद्दल कमी. बातमीत हे तिन्ही एकाच वाक्यात येतात, तिथेच आपला गोंधळ होतो.

पण द्राक्षवाल्याचं मरण गारेपेक्षा वेळापत्रकात आहे. आपलं पीक कोरड्या ऑक्टोबर ते मार्चवर उभं केलेलं पीक आहे. फुलोऱ्यात तीन दिवस भिज पाऊस झाला की डाऊनी (पानांवर-घडांवर येणारा बुरशीचा रोग) आणि घडकूज, मण्यात पाणी उतरल्यावर म्हणजे मणी पिकू लागल्यावर पाऊस झाला की मणी तडकणार. आणि मे महिना लोक विसरतात. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा जो सूक्ष्मघड तयार होतो त्याला कडक ऊन लागतं. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस लागून राहिला. मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत. आमच्याकडे आभाळ दिवसेंदिवस झाकलेलं. बाग हिरवीगार होती, बघणारा म्हणाला असता काय छान फूट आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी निघाल्या तेव्हा घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे तणाव. एक गार पडली नाही, कोणी पंचनाम्याला आलं नाही, आणि कित्येक बागांचं पीक मे महिन्यातच गेलेलं होतं.

२०२३ चंही तसंच. ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा, आणि तीन महिन्यांनी गारा. कोरड्या ऑगस्टमागे एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याचा, मोठा हात होता, म्हणून तो सगळा हवामान बदलाच्या खात्यावर टाकू नका. पण तापलेली हवा पावसाच्या दोन सरींमधल्या खंडात जमिनीतलं पाणी जास्त ओढते, हे हलक्या जमिनीवाल्याला सांगावं लागत नाही.

आता प्लास्टिकचं. फक्त गारेच्या भीतीने घेऊ नका. गार तुमच्या शिवारात पाच वर्षं येणार नाही किंवा पुढच्याच महिन्यात येईल, त्यावर कर्ज काढू नये. फुलोरा आणि मणी पिकताना होणारा पाऊस हे कारण धरून हिशेब करा. गेल्या सहा-सात हंगामांत त्या दोन टप्प्यांत किती वेळा भिजलात ते वहीतून काढा. वही नसेल तर औषधांची बिलं काढा, डाऊनीच्या फवारण्या त्यात दिसतीलच. निम्म्याहून जास्त हंगामांत भिजला असाल तर आधी एका एकरावर टाका. आच्छादनाखाली डाऊनी कमी होते पण भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) वाढते, आतली उष्णता वाढते, आणि वाऱ्याच्या बाजूची अँगल व तारा कमजोर ठेवल्या तर सगळा सांगाडा बागेवरच बसतो. शेजारच्या गावात बसलेला पाहिलाय.

फळपीक विम्यात गारपिटीचा भाग वेगळा भरावा लागतो का ते आधी विचारा, आणि गार पडली की ७२ तासांच्या आत कळवा. त्या नोव्हेंबरात मी फोटो काढले पण कळवायला चौथा दिवस उजाडला, अर्ज तिथेच बाद झाला.

जमीन कशी आहे, हलकी की काळी, आणि यंदा खरड छाटणी कोणत्या तारखेची, एवढं लिहा. त्यावरून सूक्ष्मघडासाठी काडी तपासायला कधी द्यायची ते सांगतो.