तिसरा पट

सदाशिव पेठ, पुणे

चि. हिस अनेक आशीर्वाद,

बुद्धिबळाच्या संघात निवड झाली, पण चार पटांपैकी तिसरा पट मिळाला म्हणून तू खट्टू आहेस, असं काल आई म्हणाली. लगेच लिहायला बसले.

२०२४ चं बुडापेस्टचं बुद्धिबळ ऑलिंपियाड आठव. आपल्या मुली आठव्या फेरीत पोलंडकडून हरल्या, नवव्या फेरीत अमेरिकेशी २–२. दहाव्या फेरीत समोर चीन. हरिका, वैशाली, वंतिका, तिघींचे डाव बरोबरीत सुटले. तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखनं नी शिचुनला हरवलं आणि सामना २.५–१.५ असा आपला झाला. दुसऱ्या दिवशी अझरबैजानला हरवून सुवर्ण! कॅप्टन आपल्या पुण्याचा अभिजित कुंटे. मला अजून तो आठवडा आठवला की भरून येतं.

तिथं ४–० नं जिंका की २.५–१.५ नं, सामन्याचे गुण दोनच. म्हणून समोरचीनं ड्रॉ, म्हणजे बरोबरी, विचारली की एकटीनं ठरवू नकोस. ड्रॉ घे किंवा नको, एवढं कॅप्टन सांगू शकतो; पटावरच्या स्थितीबद्दल मात्र अवाक्षर काढता येत नाही. चारही पट तोच बघत हिंडत असतो. त्याला विचार.

मी विचारलं नव्हतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत माझं एक प्यादं जास्त होतं. समोरचीनं बरोबरी विचारली. शेजारी आमच्या संघातल्या मुलीच्या डावाचा हत्ती-प्याद्यांचा शेवटचा टप्पा मला जिंकल्यासारखा दिसला. मी हात पुढे केला, दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवले, घड्याळ थांबवलं. थोड्या वेळानं आमच्या त्या मुलीच्या हातून हत्तीच गेला आणि आम्ही १.५–२.५ असे हरलो. परतीच्या गाडीत तिनं काही न बोलता मला अर्धी भाकरी दिली. ती भाकरी गिळताना काय झालं, ते मी कधी विसरले नाही.

शेजारचा पट बघावासा वाटणारच. चाल करून, लिहून, घड्याळ दाबून मगच ऊठ, आणि एका नजरेत कुणाचाही डाव जिंकलेला समजू नकोस. वेळही लक्षात ठेव: पहिल्या चाळीस चालींना दीड तास, पुढे अर्धा तास, दर चालीला वर ३० सेकंद. तू पस्तिसाव्या चालीच्या आसपास घाई करतेस, ते मी तीन स्पर्धांत पाहिलंय.

रविवारी सकाळीच ये. हत्ती-प्याद्यांचे शेवट घेऊन बसू, सलग चार तास, फोन बाहेरच्या खोलीत. खिचडी मी टाकते.

तुझी,
ताई